दोष कोठे आहे? : ईथरनेट तारजोडणी आणि बिघाड-शोधनाचा इतिहास

प्रस्तावना :

घरातील संगणक आणि राउटर यांना जोडणाऱ्या तारेवरचा संपर्क तुटला की घरातील माणूस सहसा तीन गोष्टी करतो. तार काढून पुन्हा खोचतो, खोबणीशेजारचा छोटा दिवा लागला की नाही हे पाहतो आणि तो न लागल्यास दुसरी तार लावून बघतो. या कृती इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्यांना काही इतिहास असेल असे कोणाच्या मनात येत नाही. परंतु ईथरनेटच्या पहिल्या दोन पिढ्यांत तार जोडली गेल्याची खूण देणारा असा दिवा नव्हता, आणि तार मध्येच सोडवली तर एका संगणकाचे नव्हे, त्या तारेवरील सर्वांचेच काम थांबत असे.

संगणक-जाळ्यांचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १९८० मध्ये सेकंदाला १० मेगाबिट, १९९५ मध्ये १००, १९९८ मध्ये १००० अशी चढती शिडी पाठ्यपुस्तकांत आढळते. ही शिडी खोटी नाही. मात्र १० मेगाबिटच्या एकाच पायरीवर जाळे उभे असताना तारेची रचना दोन वेळा का बदलली, याचे उत्तर तिच्यातून मिळत नाही. वेग तोच राहिला आणि तार बदलली. यांतील पहिला बदल खर्चासाठी झाला हे सर्वमान्य आहे. दुसरा बदल मात्र मुख्यतः बिघाड शोधण्याच्या गरजेतून झाला, अशी मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे. ‘किती वेगाने?’ या प्रश्नाइतकाच ‘दोष कोठे आहे?’ हा प्रश्न या तंत्रज्ञानाच्या घडणीत निर्णायक ठरला. त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला होता, तो म्हणजे दोष शोधण्याचे काम कोणी करावयाचे? हा दुसरा प्रश्न आज प्रत्येक घरापर्यंत येऊन पोहोचला आहे.

समाईक तार :

२२ मे १९७३ रोजी कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी एक टिपण लिहिले आणि त्यात ‘ईथर’ हा शब्द वापरला. एकोणिसाव्या शतकातील भौतिकशास्त्रज्ञांनी प्रकाशाच्या वहनासाठी सर्वव्यापी ‘ईथर’ कल्पिला होता. पुढे ती कल्पना विज्ञानाने टाकून दिली, तरी नाव मात्र येथे नव्याने कामास आले. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांनी रेडिओलहरींवर उभारलेले ‘अलोहा’ जाळे मेटकाफ यांच्यासमोर होते. अलोहामध्ये सर्व केंद्रे एकाच लहरीवर बोलत. मेटकाफ आणि त्यांचे सहकारी डेव्हिड बॉग्ज यांनी हवेच्या जागी समाक्ष केबल, म्हणजेच कोअ‍ॅक्सियल तार, घातली. तिचा वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट इतका होता. १९७६ मध्ये या दोघांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात सुमारे एक किलोमीटर तारेवर १०० संगणक जोडल्याचा अनुभव नोंदविलेला आहे.

या रचनेचे तत्त्व समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व अडचणी त्यातूनच उद्भवल्या. ईथर ही निष्क्रिय वस्तू असावी, तिच्यावर कोणाचेही केंद्रीय नियंत्रण नसावे, असा आग्रह त्यामागे होता. मध्यभागी एखादे यंत्र ठेवले आणि ते बंद पडले तर सर्व जाळे बंद पडेल, ही भीती रास्त होती. तार मात्र स्वतः काहीच करीत नाही, म्हणून ती बिघडण्याचा संभवही कमी, असा तर्क केला गेला. एखादा संगणक बंद पडला तरी इतरांना त्याचा पत्ताही लागणार नव्हता. विश्वासार्हतेचा हा विचार तत्त्वतः निर्दोष होता. तथापि तार ही भिंतीतून, छतावरून, माणसांच्या पायाखालून जाते, तिला भोके पाडली जातात, ती वाकवली जाते, ही वस्तुस्थिती या तर्कात पुरेशी धरलेली नव्हती, असे म्हणावे लागेल.

३० सप्टेंबर १९८० रोजी डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी १० मेगाबिट वेगाचे संयुक्त मानक प्रसिद्ध केले. १९८३ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेने त्यावर आधारित ८०२.३ हे मानक मंजूर केले. या मानकातील तार बोटाएवढी जाड आणि बहुधा पिवळ्या रंगाची असे. तिचा एक तुकडा जास्तीत जास्त ५०० मीटर लांब ठेवता येत असे आणि त्यावर १०० जोडण्या घेता येत. दर अडीच मीटरवर तारेवर खूण केलेली असे. जोडणी त्या खुणेवरच घ्यावयाची, असा नियम होता, कारण मनमानी अंतरावर जोडण्या घेतल्यास त्यांची लहान लहान परावर्तने एकमेकांत मिसळून मोठी होत. जोडणी घेण्याची रीतही विलक्षण होती. तारेच्या आवरणाला भोक पाडून त्यातून एक अणकुचीदार खिळा मधल्या तांब्यापर्यंत पोहोचवावयाचा. या साधनाला अभियंते ‘व्हॅम्पायर टॅप’ म्हणत. खिळा जरा तिरका गेला आणि मधल्या तांब्यासह बाहेरच्या जाळीलाही टेकला की संपूर्ण ५०० मीटर तार निकामी होत असे. तेथून संगणकापर्यंत येणाऱ्या दुसऱ्या तारेच्या टोकाला सरकत्या पट्टीची १५ खिळ्यांची जोडणी होती. ती सैल होऊन निखळण्याबद्दल कुप्रसिद्ध होती. तेवढा दोष मात्र एकाच संगणकापुरता मर्यादित राही.

पातळ तार आणि सामुदायिक बिघाड :

जाड तार महाग होती आणि ती बसवायला कुशल माणूस लागे. म्हणून १९८० च्या दशकाच्या मध्यास पातळ समाक्ष तारेचे मानक आले. अभियंत्यांनी तिला थट्टेने ‘चीपरनेट’ असे नाव दिले. तुकड्याची कमाल लांबी १८५ मीटर, जोडण्या ३०. येथे भोक पाडण्याची गरज नव्हती. प्रत्येक संगणकापाशी तार तोडून इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचा बीएनसी जोड लावला जाई, आणि तार पुढच्या टेबलाकडे जाई. साखळीच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर बसविणे अनिवार्य होते. १९९० च्या दशकात भारतातील कितीतरी महाविद्यालयांच्या आणि प्रशिक्षण वर्गांच्या संगणक-प्रयोगशाळा याच पद्धतीने जोडलेल्या होत्या.

स्वस्ताईची किंमत बिघाडाच्या रूपाने मोजावी लागली. जाड तार छतात किंवा भिंतीत असल्याने सर्वसामान्य माणसाचा हात तिला लागत नसे. पातळ तार मात्र टेबलावर आली. एखाद्याने संगणक हलविण्यासाठी टी-जोडाच्या कडेची तार सोडवली की साखळी तुटे. तुटलेल्या टोकाला टर्मिनेटर नसल्याने विद्युत्संकेत तेथून परत फिरत. संगणकाला आपलाच परतलेला संकेत दुसऱ्याचा वाटे आणि तो टक्कर झाली असे समजून थांबे. ज्याने तार सोडवली त्याला त्याचा गंधही नसे, आणि तिसऱ्या खोलीतील माणूस आपला संगणक बिघडला म्हणून तक्रार करीत असे. दोष एकाचा आणि लक्षण सर्वांचे, अशी ही स्थिती होती. लक्षणावरून स्थान कळण्याचा मार्गच रचनेने बंद केला होता.

अशा स्थितीत जी शोधपद्धती विकसित झाली ती आजच्या वाचकास मनोरंजक वाटेल. तिचे पहिले साधन साधा मल्टिमीटर होते. दोन टोकांना ५०-५० ओहमचे रोध समांतर जोडलेले असल्यामुळे निरोगी तारेवर कोठेही मोजले तरी सुमारे २५ ओहम दिसले पाहिजेत. ५० च्या आसपास आकडा आला तर एका बाजूचा टर्मिनेटर नाही किंवा तार मध्ये तुटली आहे, आणि शून्याच्या जवळ आला तर कोठेतरी आतले तांबे बाहेरच्या जाळीला टेकले आहे, असा निष्कर्ष निघे. परंतु ‘कोठेतरी’ म्हणजे नेमके कोठे, हे मल्टिमीटर सांगू शकत नसे. त्यासाठी तार अर्ध्यावर सोडवून तेथे टर्मिनेटर लावीत. एक अर्धा भाग चालू झाला की दोष उरलेल्या अर्ध्यात आहे, हे निश्चित होई. मग त्या अर्ध्याचा पुन्हा अर्धा करावयाचा. तीस जोडण्यांच्या साखळीत या रीतीने पाच फेऱ्यांत दोषाची जागा सापडत असे. मात्र त्या पाचही फेऱ्यांत कोणा ना कोणाचे काम बंद राही.

ज्या संस्थांना परवडे त्यांच्याकडे परावर्तनमापक यंत्र असे. तारेत एक अत्यल्प काळाचा स्पंद सोडावयाचा, तो दोषावर आपटून परत येण्यास लागलेला वेळ मोजावयाचा आणि त्यावरून अंतर काढावयाचे, हे त्याचे तत्त्व. पातळ तारेत संकेताचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ६५ टक्के असतो. त्यामुळे प्रतिध्वनी एका मायक्रोसेकंदाने परतला तर दोष सुमारे ९७ मीटरवर आहे असे समजावे. विहिरीत हाक मारून तिची खोली अजमावण्यासारखाच हा प्रकार होता.

केंद्राकडे पुनरागमन :

दोषाचे स्थान निश्चित करता यावे म्हणून रचनाच बदलावी, हा विचार ईथरनेटच्या बाहेर आधी मांडला गेला, ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील जेरोम साल्ट्झर आणि केनेथ पोग्रन यांनी १९७९ मध्ये तारकाकृती वलय-जाळ्याची कल्पना मांडली. निबंधाच्या शीर्षकातच देखभालीच्या सुलभतेचा उल्लेख होता. वलय-जाळ्यात एक संगणक बंद पडला तरी वलय तुटते. म्हणून वलयाचा प्रत्येक भाग एका मध्यवर्ती जागेपर्यंत न्यावा आणि परत आणावा, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्या माणसाला एकाच ठिकाणी उभे राहून दोषी भाग वगळता येईल, असे त्यांचे प्रतिपादन होते. तार अधिक लागेल हे उघड होते. परंतु तारेपेक्षा माणसाची पायपीट महाग, हा त्यातील हिशेब होता. आयबीएम कंपनीने १९८५ मध्ये बाजारात आणलेल्या ‘टोकन रिंग’ जाळ्याची तारजोडणी याच धर्तीची होती.

ईथरनेटच्या बाबतीत हे वळण दोन दिशांनी आले. एक दिशा टेलिफोनच्या तारेची. दोन तारा एकमेकींभोवती पिळल्या असता बाहेरचा विद्युत्-गोंगाट दोन्हींवर जवळजवळ सारखाच पडतो, आणि वजाबाकीत तो नाहीसा होतो. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्येच याचे पेटंट घेतले होते. कार्यालयांच्या इमारतींत अशा पिळाच्या तारा टेलिफोनसाठी आधीच घातलेल्या होत्या आणि त्या सर्व एका कपाटाशी येऊन मिळत. एटी अँड टी कंपनीच्या ‘स्टारलॅन’ने या तारांचा उपयोग सेकंदाला १ मेगाबिट वेगाने करून दाखविला. दुसरी दिशा खुद्द झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातून निघाली. तेथे प्रकाशतंतूंवर तारकाकृती ईथरनेटचे प्रयोग करणारे रोनाल्ड श्मिट १९८५ मध्ये अँड्र्यू लडविक यांच्यासह बाहेर पडले आणि त्यांनी सिनॉप्टिक्स ही कंपनी काढली. १९८७ पर्यंत पिळाच्या तारेवर १० मेगाबिटचे त्यांचे ‘लॅटिसनेट’ बाजारात आले होते. १९९० मध्ये आयईईईने १०बेस-टी हे मानक मंजूर केले. प्रत्येक संगणकापासून स्वतंत्र तार, कमाल लांबी १०० मीटर आणि सर्व तारांच्या मध्यभागी ‘हब’ नावाचे यंत्र असे त्याचे स्वरूप होते. (मराठीत ‘तारा’ हा शब्द तारेचे अनेकवचनही आहे आणि आकाशातील ज्योतीही. तारकाकृती रचनेला याहून समर्पक शब्द इंग्रजीतही नाही.)

अशा रीतीने १९७३ मध्ये ज्या केंद्रीय यंत्राला बुद्ध्या टाळले होते, त्याचाच सतरा वर्षांनी स्वीकार झाला. वरकरणी ही माघार वाटते. वस्तुतः दोन्ही निर्णय विश्वासार्हतेच्याच नावाने घेतले गेले होते. फक्त विश्वासार्हतेचा अर्थ बदलला होता. पहिल्या पिढीला ‘बिघडू नये’ अशी यंत्रणा हवी होती. दुसऱ्या पिढीला ‘बिघडल्यास कोठे ते कळावे’ अशी यंत्रणा हवी होती. नव्या रचनेत तार तुटली तर एकच संगणक बंद पडे आणि ज्याचा दोष त्यालाच लक्षण, हा न्याय्य संबंध प्रस्थापित झाला. वेगात मात्र तिळमात्र वाढ झालेली नव्हती.

दिव्याची भाषा :

नव्या मानकातील सर्वांत कमी चर्चिली गेलेली आणि कदाचित सर्वांत दूरगामी तरतूद म्हणजे संपर्काची अखंड चाचणी. तारेवर काही माहिती जात नसतानाही दोन्ही टोकांची यंत्रे सुमारे दर १६ मिलिसेकंदांनी एक सूक्ष्म स्पंद पाठवितात. समोरून स्पंद येत राहिला तर दिवा लागतो, थांबला तर विझतो. याचा अर्थ असा की तपासणी हे बिघाड झाल्यावर करण्याचे काम राहिले नाही, ते तारेच्या नित्य व्यवहाराचा भाग झाले. मल्टिमीटर आणि परावर्तनमापक ज्यांच्या हाती होते त्यांचे ज्ञान एका हिरव्या ठिपक्यात सामावले. घरातील जाळ्याचा पाया घातला गेला तो येथे, असे म्हणण्यास हरकत नाही. कारण जे यंत्र आपली प्रकृती स्वतः सांगू शकत नाही, ते तंत्रज्ञ नसलेल्या घरात टिकत नाही.

तारेची प्रकृती दिव्याने कळू लागली. पत्त्यांच्या जगाची प्रकृती जाणण्याचे साधन त्याच्या आधीच आले होते. १९८१ च्या इंटरनेट मानकांत प्रतिध्वनी मागणाऱ्या संदेशाची तरतूद होती. तिचा उपयोग करून अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेतील माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला. पाणबुडीचा वेध घेणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्यांनी त्याला ‘पिंग’ असे नाव दिले. म्यूस यांनी स्वतः नोंदवून ठेवलेली एक हकिगत येथे सांगण्याजोगी आहे. एका जाळे-व्यवस्थापकाच्या इमारतीतील ईथरनेट अधूनमधून बंद पडत असे. त्याने पिंगला प्रत्येक उत्तरागणिक मोठ्याने ‘पिंग’ असे बोलावयास लावले, आवाज कार्यालयातील स्टिरिओवर पूर्ण चढविला आणि तो इमारतभर एकेक जोड हलवीत फिरला. ज्या जोडापाशी आवाज थांबला तेथे दोष सापडला. समाक्ष तारेच्या युगातील अडचण आणि तिच्यावरील उपाय या एका प्रसंगात पुरेपूर दिसतात. दोष पाहता येत नव्हता, म्हणून तो ऐकावा लागला.

पिंगमुळे दोषाचा शोध पायरीपायरीने घेता येऊ लागला. प्रथम स्वतःच्या संगणकालाच हाक द्यावयाची, मग घरातील राउटरला, मग बाहेरच्या जगाला. जेथे उत्तर थांबते त्याच्या अलीकडचे सर्व ठीक, असे समजावे. समाक्ष तारेवर टर्मिनेटर सरकवीत जाण्याची जुनी पद्धतच येथे पत्त्यांच्या पातळीवर अवतरली. पुढे संगणकाला मिळालेला पत्ताच लक्षणाचे काम करू लागला. १९९६ मध्ये खासगी जाळ्यांसाठी १९२.१६८ ने सुरू होणारे व इतर काही पत्ते राखून ठेवण्यात आले. १९९८ च्या विंडोज ९८ पासून, राउटरकडून पत्ता न मिळाल्यास संगणक १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊ लागला. २००५ मध्ये ही रीत इंटरनेटच्या मानकांत रीतसर आली. दिवा लागलेला आहे पण पत्ता १६९.२५४ चा आहे, एवढे दिसले की राउटरने पत्ता दिलेला नाही हे कळते. मग तारेची एखादी जोडी कमकुवत आहे की राउटरच अडकला आहे, एवढेच ठरवावयाचे राहते.

दिवा लागूनही :

या भाषेला मर्यादा होत्या. दोन दोष असे आहेत की ज्यांत दिवाही लागतो, पिंगही उत्तर देते आणि तरीही जाळे नीट चालत नाही. बिघाड-शोधनाच्या इतिहासात त्यांना मोठे स्थान द्यावयास हवे.

पहिला दोष तारेच्या टोकाशी असतो. १९९१ मध्ये अमेरिकेत इमारतींतील तारजोडणीचे ईआयए/टीआयए-५६८ हे मानक आले. आठ तारा, चार जोड्या आणि आठ खिळ्यांचा जोड असे त्याचे स्वरूप आहे. ईथरनेटची एक जोडी १ व २ क्रमांकांच्या खिळ्यांवर असते, दुसरी मात्र ३ आणि ६ वर. मधले ४ आणि ५ हे टेलिफोनच्या परंपरेमुळे वेगळ्या जोडीला दिलेले आहेत. ही विषम वाटणी ज्याला ठाऊक नाही तो स्वाभाविकपणे १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा जोड्या लावून जोड क्रिम्प करतो. दोन्ही टोकांना सारखाच क्रम असल्याने प्रत्येक तार योग्य खिळ्यावर पोहोचते. साध्या परीक्षक यंत्राचे आठही दिवे ओळीने लागतात. परंतु ३ आणि ६ वरच्या तारा आता एकमेकींभोवती पिळलेल्या नसतात, त्या भिन्न जोड्यांतील असतात. बेल यांच्या पेटंटचे सारे मर्म तेथे हरवते. तार दोन मीटरची असेल तर काहीच जाणवत नाही, तीस मीटरची असेल तर वेग कोसळतो. रंगांचा क्रम हा केवळ संकेत आहे, तो कसाही लावला तरी दोन्हीकडे सारखा असला म्हणजे झाले, असा एक समज तंत्रज्ञांतही आढळतो. तो अर्धाच खरा आहे.

दुसरा दोष यंत्रांच्या आपसांतील करारातला आहे. हबच्या जागी स्विच आले. १९९० मध्ये पहिला ईथरनेट स्विच बाजारात आणणाऱ्या कंपनीचे नाव ‘कल्पना’ होते आणि तिच्या संस्थापकांत विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे अभियंते होते. १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. स्विचमुळे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलणे शक्य झाले, आणि १९९५ च्या १०० मेगाबिट मानकाने वेग व बोलण्याची पद्धत दोन्ही टोकांनी आपसांत ठरविण्याची सोय केली. आरंभीच्या काळात ही वाटाघाट वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांत फसत असे. म्हणून अनुभवी व्यवस्थापकांनी ती बंद करून एका टोकाला हाताने ‘शंभर, दुतर्फी’ असे ठरवून टाकले. दुसऱ्या टोकाला वाटाघाटीचे उत्तर न मिळाल्याने ते मानकाप्रमाणे एकतर्फी पद्धत धरून बसे. एक टोक केव्हाही बोलणार, दुसरे टोक त्याला टक्कर समजणार. पिंगचा लहानसा संदेश एकटा जातो आणि एकटा परततो, त्यामुळे त्याला सर्व आलबेल दिसे. मोठी फाइल पाठविताच मात्र जाळे रांगू लागे. यंत्रावर अविश्वास दाखविण्याच्या सावधगिरीतूनच हा दोष निर्माण झाला, हा यातील उपरोध आहे. १९९९ च्या १००० मेगाबिट मानकाने तांब्याच्या तारेवर ही वाटाघाट सक्तीची करून त्याचे मूळच काढले.

तिसऱ्या एका दोषाचा उल्लेख येथेच करावा लागेल. एकाच तारेची दोन्ही टोके चुकून एकाच स्विचमध्ये खोचली तर संदेश त्या फेऱ्यात अखंड फिरत राहतात आणि काही क्षणांत सर्व जाळे गुदमरते. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये त्यावरील उपाय शोधून काढला. परंतु घरगुती वापराच्या स्वस्त स्विचमध्ये तो बहुधा नसतो. सर्व दिवे एकाच वेळी वेड्यासारखे लुकलुकू लागले की हा दोष ओळखावा. येथे विझलेला दिवा नव्हे, तर अति लुकलुकणारा दिवा हे लक्षण आहे.

गच्चीवरील जाळे :

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली आणि आरंभीच्या शहरांत मुंबई होती. ती सेवा टेलिफोनवरून डायल करून मिळे; घरात ईथरनेटच्या तारेला काही काम नव्हते. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवेची परवानगी मिळाली आणि त्यानंतर मुंबई-पुण्यासारख्या शहरांत एक वेगळाच प्रकार उदयास आला. केबल टीव्हीच्या समाक्ष तारा ज्या गच्च्यांवरून गेल्या होत्या, त्याच गच्च्यांवरून केबलवाल्यांनी पिळाच्या तारा ओढल्या. इमारतीच्या जिन्यात किंवा पाण्याच्या टाकीपाशी पत्र्याच्या पेटीत एक स्विच, त्यातून प्रत्येक घरात एक तार, आणि पुढच्या इमारतीला आणखी एक तार, अशी ती रचना होती.

या जाळ्यांच्या वाट्याला इतिहासाची पुनरावृत्ती आली. तार १०० मीटरहून लांब नेता येत नाही, म्हणून दर काही इमारतींनंतर नवा स्विच बसवावा लागे. एक स्विच दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला, अशी साखळी तयार होई. एका इमारतीची वीज गेली किंवा एका पेटीत पाणी शिरले की तिच्या पुढच्या सर्व इमारती बंद. प्रत्येक इमारतीत तारा तारकाकृती होत्या, पण इमारतींच्या रांगेत पातळ समाक्ष तारेची जुनी व्याधी परतली होती. दोष एका गच्चीवर आणि तक्रार पाचव्या गच्चीखाली! केबलवाल्याचा माणूस खिशात क्रिम्पिंगचा चिमटा घेऊन गच्चीगच्चीवर हिंडे, आणि प्रत्येक पेटीपाशी दिवे पाहून पुढच्या पेटीकडे जाई. त्याला कोणी शिकविले नसले तरी तो साखळीचे विभाजन करीत दोषाची जागा शोधण्याची तीच पद्धत वापरीत होता.

स्थानिक हवामानानेही या इतिहासात आपला वाटा उचलला आहे. इमारतीच्या आत वापरावयाची तार उन्हात ठेवली की तिचे आवरण तडकते. पावसाळ्यात तडीतून पाणी शिरते, जोडाच्या खिळ्यांवर हिरवट गंज चढतो आणि संपर्क ओलावा वाढेल तसा तुटतो, सुकेल तसा जुळतो. वळवाच्या विजांनी गच्चीवरच्या लांब तारेत निर्माण होणारा दाब स्विचची खोबणीच जाळून टाकतो. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या स्वस्त तारा बाजारात आल्या, त्यांनी यात भर घातली. अशा तारेचा रोध अधिक असतो, ती वाकवली असता लवकर तुटते आणि मानकात तिला स्थान नाही, तरीही तांब्याच्या तारेच्या नावाखाली ती विकली जाते.

घराची सीमा :

ऑक्टोबर २००४ मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केले आणि सेकंदाला किमान २५६ किलोबिट ही ब्रॉडबँडची तत्कालीन व्याख्या ठरविली. जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमाने टेलिफोनच्या तारेवरची ब्रॉडबँड सेवा सुरू केली, मुंबईत महानगर टेलिफोन निगमाची तशीच सेवा आली. घरात मोडेम आला, त्याच्या पाठीवर ईथरनेटची खोबणी होती, आणि कार्यालयातील तार मध्यमवर्गीय घरात आली. तिच्यासोबत बिघाड शोधण्याचे कामही घरात आले.

येथे हद्दीचा प्रश्न उद्भवला. खांबापासून मोडेमपर्यंतचा दोष कंपनीचा आणि मोडेमपासून संगणकापर्यंतचा दोष ग्राहकाचा, अशी सर्वसाधारण वाटणी असते. ती सोयीची आहे. परंतु तिचा परिणाम असा झाला की दोष कोठे आहे हे ठरविणे म्हणजेच खर्च कोणाचा हे ठरविणे झाले. दूरध्वनीवरून मार्गदर्शन करणारा कर्मचारी पहिल्यांदा दिव्यांची चौकशी करतो, नंतर तार बदलून पाहावयास सांगतो, ते केवळ शास्त्रीय क्रमामुळे नव्हे. ग्राहक मात्र वेगाची तक्रार घेऊन आलेला असतो, आणि १९९० च्या रचनेने ज्या माणसाला केवळ दिवा पाहावयास शिकविले त्याच्याकडून आता तारेच्या आत पाहण्याची अपेक्षा केली जाते. दोषाचे स्थान स्वतः सांगू शकणारी यंत्रे उपलब्ध नाहीत असे नाही. परावर्तनमापनाचे तत्त्व २००० च्या दशकापासून ईथरनेटच्या चिपमध्येच सामावलेले आहे, आणि काही स्विच तार किती मीटरवर तुटली हे सांगतात. पण ही सोय बहुतांश व्यवस्थापकांच्या यंत्रांत आढळते, घरगुती राउटरांत क्वचितच.

आता अनेक घरांत प्रकाशतंतू येऊन पोहोचला आहे. तांब्याची तार उरली आहे ती प्रकाशतंतूच्या पेटीपासून राउटरपर्यंत आणि राउटरपासून संगणकापर्यंत, काही मीटरांपुरती. १००० मेगाबिट वेगाला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. त्यामुळे ४-५ किंवा ७-८ या जोड्यांतील एखादी तार जोडात नीट बसलेली नसेल, तर संपर्क तुटत नाही. पुष्कळ यंत्रे कोणतीही सूचना न देता १०० वर उतरतात. दिवा लागलेलाच राहतो, फार तर काही यंत्रांवर त्याचा रंग बदलतो. ३०० मेगाबिटचे पैसे भरणाऱ्या ग्राहकाला वेगाच्या चाचणीत वारंवार ९४ हा आकडा दिसतो आणि तो कंपनीकडे तक्रार नोंदवितो. १०० मेगाबिटच्या ईथरनेटवरून आवरणाचे बिट वजा जाता प्रत्यक्ष माहिती जवळजवळ तेवढीच जाऊ शकते. बाहेरच्या जाळ्यावरील गर्दीमुळे वेग घटला असता तर आकडा कधी ८०, कधी १५० असा हलता राहिला असता. ९४ वर स्थिर राहिलेला आकडा दोष घरातील एखाद्या मीटरभर तारेत असल्याचे सांगतो, आणि पहिला संशय तिच्या निळ्या किंवा तपकिरी जोडीवर घ्यावा लागतो.